हरल्यावर पहिल्या नंबरावर पोचलेलं गाणं

शुक्रवार, १३ जुलै २०१८. ब्रिटनचा आठवड्याचा गाण्यांचा चार्ट जाहीर झाला आणि पहिल्या नंबरावर होतं बावीस वर्षं जुनं ‘थ्री लायन्स’. इंग्लंडच्या फुटबॉल फॅन्सचं हे लाडकं गाणं. गंमत अशी की त्याच्या दोनच दिवस आधी मॉस्कोत इंग्लंड क्रोएशियाकडून २-१ असं हरून वर्ल्ड कपच्या बाहेर गेलं होतं. चार्टची मोजणी शुक्रवार ते गुरुवार अशी चालते. त्यामुळे क्वार्टर फायनल जिंकल्यानंतरच्या उन्मादात ऐकलं गेलेलं गाणं मोजलं गेलं, पण त्याचा निकाल लागला सुतकात. पुढच्या शुक्रवारी तेच गाणं थेट ९७ व्या नंबरावर. पहिल्या नंबरावरून एका आठवड्यात इतक्या खाली आलेलं दुसरं गाणं तोवर नव्हतं.

दिवसभर सर्व्हरच्या ट्रॅफिकचे आलेख बघण्याची माझी नोकरी आहे. असा आलेख दिसला तर आम्ही रात्री दोनला फोन करून कुणालातरी उठवतो. पण इथे काही बिघडलेलं नव्हतं. आशा नावाच्या गोष्टीचा आलेख बहुतेक असाच असतो.

मोठी स्पर्धा जवळ आली की हे गाणं परत येतं. युरो असो की वर्ल्ड कप, इंग्लंडचे फॅन्स ते गातात, बाकीचं युरोप त्यावर वैतागतं, इंग्लंड हरलं की त्याच गाण्याचे मीम्स होतात. आपल्याकडेही होतात. प्रीमियर लीगमुळे पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-चार इंग्लंडवाले असतातच, आणि रात्री साडेबाराची मॅच बघून सकाळच्या स्टँडअपला डोळे चोळत बसलेल्या त्या बिचाऱ्यांना चिडवायला या गाण्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ‘किती तो माज!’ हा त्या चिडवण्याचा मथळा.

माझं म्हणणं असं, की हे माजाचं गाणं नाही. गेल्या तीस वर्षांत खेळावर जे काही लिहिलं गेलं त्यात हरण्याविषयी इतकं प्रामाणिक फारसं काही मला सापडलेलं नाही. पण त्यात एक मोठी रिकामी जागाही आहे, आणि त्या जागेची किंमत काही माणसांनी मोजलेली आहे. त्या दोन्हींबद्दल हा लेख.

‘होम’ म्हणजे कुठलं घर?

आधी थोडा इतिहास. १९९६ ची युरो इंग्लंडमध्ये झाली. १९६६ च्या वर्ल्ड कपनंतर तीस वर्षांनी तिथे भरणारी ही पहिली मोठी स्पर्धा. मधल्या काळात इंग्लिश फुटबॉलची पार अब्रू गेली होती. १९८५ साली ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी केलेल्या हल्ल्यानंतर भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव घेतला. १९९४ च्या वर्ल्ड कपला तर संघ पात्रच ठरला नाही.

अशा देशाला यजमानपद मिळालं, तेव्हा स्पर्धेचं अधिकृत घोषवाक्य ठेवलं गेलं ‘फुटबॉल कम्स होम’. त्यातल्या ‘होम’चा अर्थ साधा होता. १८६३ साली लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये बसून ज्या देशाने या खेळाचे नियम लिहिले, त्या देशात खेळ पाहुणा म्हणून परत येतो आहे. यात कप जिंकण्याचा दावा कुठेच नव्हता. पाहुणे येणार आहेत, अंगण झाडून ठेवा, एवढंच.

इंग्लंड संघाच्या गाण्याचं काम लिव्हरपूलच्या ‘लाइटनिंग सीड्स’ बँडच्या इयन ब्राउडीकडे आलं. चाल त्याची. शब्दांसाठी त्याने दोन कॉमेडियन घेतले, डेव्हिड बॅडिएल आणि फ्रँक स्किनर. दोघे तेव्हा टीव्हीवर ‘फँटसी फुटबॉल लीग’ नावाचा विनोदी कार्यक्रम करायचे. त्यांनी घोषवाक्यातली कल्पना उचलली आणि धृवपदात बसवली. पाहुणचाराचं वाक्य तिथे आकांक्षेचं झालं. ‘घरी’ येणारी गोष्ट आता नुसता खेळ राहिली नाही, कपही त्यात आला. शब्द जवळपास तेच, अर्थ दोन. पुढचा सगळा गोंधळ या दोन अर्थांतला आहे.

चार आठवणी

गाणं सुरू होतं तेच टीव्हीवरच्या तज्ज्ञांच्या रडगाण्याने. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांचे खरे आवाज आहेत, या संघाचं काही खरं नाही असं सांगणारे. त्यानंतर गाणारा म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की मला माहीत आहे आपण माती खाणार, नेहमीच खातो, पण माझ्याकडे काही आठवणी आहेत.

त्या आठवणी चार. बॉबी मूरचं टॅकल, गॅरी लिनेकरचा गोल, बॉबी चार्ल्टनची सणसणीत किक, नॉबी स्टाइल्सचा नाच.

आता त्या नीट तपासा. मूरचं ते टॅकल १९७० च्या वर्ल्ड कपमधलं, ग्वादालाहाराच्या उन्हात ब्राझीलचा जैरझिन्यो सुसाट येत असताना केलेलं. टॅकल देखणंच होतं. पण मॅच ब्राझीलने १-० जिंकली आणि तो एकमेव गोल जैरझिन्योनेच मारला. लिनेकरचा गोल म्हटलं की इंग्लंडमध्ये डोळ्यांसमोर येतो तो १९९० चा, तुरिनमधल्या सेमीफायनलमधला, पश्चिम जर्मनीविरुद्ध बरोबरी साधणारा. ती मॅच इंग्लंड पेनल्टीवर हरलं. चार्ल्टनची किक १९६६ ची, मेक्सिकोविरुद्धची. आणि स्टाइल्सचा नाच त्याच वर्षीच्या फायनलनंतरचा. एका हातात वर्ल्ड कप, दुसऱ्या हातात स्वतःची कवळी, आणि हा बुटका माणूस वेम्ब्लीच्या हिरवळीवर उड्या मारतोय.

म्हणजे चारपैकी दोन आठवणी पराभवाच्या मॅचमधल्या आहेत. ज्या गाण्याला जग माजोरडं म्हणतं, त्याने आपल्या अभिमानाच्या यादीत निम्मे पराभव घेतलेत. गंडलेल्या मॅचमधला एक सुंदर क्षण जपून ठेवायचा आणि मॅच सोडून द्यायची, हे काम फक्त फॅनच करू शकतो. स्कोअरकार्डला ते जमत नाही.

आणखी एक बाब. गाणं लिहिलंय युरोसाठी, पण त्यात युरोची एकही आठवण नाही. चारही वर्ल्ड कपच्या. कारण उघड आहे. १९६८ चा तिसरा क्रमांक सोडला तर तोवर युरोत इंग्लंडकडे आठवावं असं काही नव्हतंच. १९८८ मध्ये गटातल्या तिन्ही मॅच हरले, १९९२ मध्ये एकही न जिंकता परत आले. चकाकणारा चषक म्हणून गाणं ज्याचं नाव घेतं तो ज्यूल रिमे कपही वर्ल्ड कपचाच. युरोच्या कपाला आंरी दलोने यांचं नाव आहे. त्यातही तो ज्यूल रिमे कप १९७० साली ब्राझीलला कायमचा देऊन टाकलेला, आणि १९८३ मध्ये रिओतून चोरीला गेलेला. तो पुन्हा कधीच मिळाला नाही. थोडक्यात, १९९६ साली हजारो लोक तेरा वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या वस्तूची वाट बघत गात होते. लेखकांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण गाण्याचा स्वभाव यातून कळतो. त्याची नजर पुढे लागलेली आहे असं भासतं, खरं तर ते सतत मागे वळून बघत असतं.

दोन वर्षांनी, १९९८ च्या वर्ल्ड कपसाठी, त्यांनी शब्द बदलून नवी आवृत्ती काढली. युरो ९६ मध्ये इंग्लंड सेमीफायनलला जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं होतं. नव्या आवृत्तीत ते दुःख आलं, त्या रात्री घातलेल्या राखाडी जर्सीसकट. स्पेनविरुद्ध पेनल्टी मारल्यावर स्टुअर्ट पिअर्सने फोडलेली किंकाळीही आली. हाच पिअर्स १९९० मध्ये जर्मनीविरुद्ध चुकला होता. जुन्या वहीत नवं पान जोडावं तसं गाण्याने स्वतःला अपडेट केलं, आणि नवं पानही पुन्हा हुकलेल्याचंच.

अर्धंच ऐकू येणारं गाणं

मग माजाचा आरोप आला कुठून?

स्टेडियममधून. नव्वद हजार माणसं कडवी गात नाहीत. कडव्यात नावं आहेत, तपशील आहेत, जरा खालच्या पट्टीतला कबुलीजबाब आहे. धृवपदात मोजके शब्द आहेत, ते पुन्हा पुन्हा येतात आणि दारू प्यायलेल्या माणसालाही जमतात. त्यामुळे मैदानात उरतं ते फक्त धृवपद. कडव्यातला ‘आपण बहुधा हरणार, तरीही’ गळून जातो आणि विरुद्ध संघाच्या कानावर पडतो तो नुसता दावा: कप आमचा, आमच्या घरचा.

बॅडिएल आणि स्किनर अनेकदा सांगत आलेत, की आमचं गाणं हरण्याविषयी आहे, लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतात. मला हे पूर्ण पटत नाही. सभागृहात वाचली जाणारी कविता आणि मैदानात गायलं जाणारं गाणं यांचे नियम वेगळे असतात. कोणता भाग टिकणार आणि कोणता गळणार, हा मैदानी गाण्याच्या रचनेचाच प्रश्न आहे. विनय कडव्यात आणि दावा धृवपदात ठेवला, तर जगापर्यंत दावाच पोचणार. ‘आमचा हेतू तसा नव्हता’ हे म्हणणं खरं असेल, पण ऐकणाऱ्याला दोष देऊन चालणार नाही.

ऐकणाऱ्यांनी उत्तरंही झकास दिली. २०२१ मध्ये युरो २०२० च्या सेमीफायनलआधी डेन्मार्कचा गोलकीपर कॅस्पर श्मायकेलला एका पत्रकाराने विचारलं, की इंग्लंडच्या या ‘घरवापसी’ला रोखण्याबद्दल काय वाटतं? त्याने शांतपणे उलट विचारलं, तो कधी घरी होता का? तुम्ही ही स्पर्धा कधी जिंकलीय का? उत्तर होतं, नाही. इंग्लंडच्या पुरुष संघाने युरो तेव्हा जिंकली नव्हती आणि २०२४ पर्यंतही नाही. त्या मॅचमध्ये जादा वेळेत इंग्लंडला पेनल्टी मिळाली, तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी श्मायकेलच्या चेहऱ्यावर लेझर मारला. इंग्लंडच्या असोसिएशनला त्यासाठी दंड झाला. फायनल इटलीने जिंकली आणि लिओनार्दो बोनुची कॅमेऱ्यासमोर येऊन ओरडला. त्याने फक्त ‘होम’ काढून त्या जागी ‘रोम’ घातलं. एका अक्षराचा फरक, आणि पंचवीस वर्षांच्या गाण्याचं विडंबन पूर्ण.

गाण्यात नसलेला शत्रू

वैरावर बोलायचं तर या गाण्यात एक विलक्षण गोष्ट आहे: त्यात वैरीच नाही. जर्मनी नाही, स्कॉटलंड नाही, अर्जेंटिना नाही. चारपैकी दोन आठवणी जर्मनांशी झालेल्या मॅचच्या, पण जर्मनांचं नाव नाही. दुखवणारा जो कुणी आहे तो स्वतःचाच संघ.

हे किती अवघड होतं ते त्या उन्हाळ्याकडे पाहिलं की कळतं. २४ जून १९९६, सेमीफायनलच्या दोन दिवस आधी, ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर गॅस्कॉइन आणि पिअर्स यांना युद्धातली लोखंडी शिरस्त्राणं घातली आणि जर्मनांना शरण यायला सांगितलं. जणू १९४५ नंतर काही घडलंच नव्हतं. सेमीफायनल हरल्यावर ट्रॅफल्गर स्क्वेअरमध्ये दंगल झाली. ब्रायटनकडे एका तरुणाला तो जर्मन आहे असं समजून भोसकलं गेलं. तो रशियन विद्यार्थी होता.

त्याच दिवसांत गाजणाऱ्या या गाण्याचा एक लेखक बॅडिएल. त्याची आई नाझी जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्मली आणि तान्ही असताना १९३९ मध्ये इंग्लंडला आली. युद्धाचा हिशेब काढायचा हक्क कुणाला असेलच, तर तो याला होता. त्याने काढला नाही. हिशेब काढले ते पुढच्या पिढीच्या फॅन्सनी, ‘टेन जर्मन बॉम्बर्स’सारखी गाणी गाऊन.

वैरी नसण्याचा परिणामही मजेशीर झाला: हे गाणं कुणालाही गाता येतं. जर्मनी युरो ९६ जिंकून फ्रँकफर्टला परतलं तेव्हा तिथे विजयोत्सवात हेच गाणं गायलं गेलं. यात खोडसाळपणा होता, पण थोडी आपुलकीही असावी. खरं सांगायचं तर जर्मनांच्या लेखी इंग्लंड हे वैर दुय्यमच. त्यांचं पेटलेलं वैर डचांशी. १९८८ च्या युरोत हॅम्बर्गला डचांनी त्यांना २-१ हरवलं तेव्हा डच चाहत्यांच्या एका फलकावर आजीला उद्देशून लिहिलं होतं, की तुझी सायकल मिळाली बरं का. युद्धात जर्मन सैन्याने डच लोकांच्या सायकली जप्त केल्या होत्या. सायमन कूपर यांनी ‘फुटबॉल अगेन्स्ट द एनिमी’ या पुस्तकात ही रात्र तपशिलाने उभी केली आहे. वैर म्हणजे दोन बाजूंनी सारखं ताणलेलं दोर नसतं. तुम्ही ज्याला शत्रू मानता, त्याचा शत्रू भलताच असू शकतो.

शेजारच्या स्कॉटलंडकडे पाहा. १९७८ च्या वर्ल्ड कपला जाताना त्यांनी ‘अ‍ॅलीज टार्टन आर्मी’ हे फुशारकीचं गाणं गायलं. पेरूकडून हरले, इराणशी बरोबरी केली, मग हॉलंडला हरवूनही गटातच बाद झाले. वीस वर्षांनी, १९९८ च्या वर्ल्ड कपला, त्यांचं अधिकृत गाणं ‘डेल अमित्री’ या बँडने केलं. नावाचाच अर्थ असा, की बाबांनो, इतक्यात घरी येऊ नका. एका देशाच्या गाण्यात घर म्हणजे कप येण्याची जागा, दुसऱ्याच्या गाण्यात घर म्हणजे लवकर परतायची भीती. स्कॉटलंड त्याही वेळी गटातच बाद झालं. दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकली की ‘थ्री लायन्स’मध्ये किती आशा शिल्लक आहे ते कळतं. स्कॉटिश गाणं जास्त शहाणं आहे. इंग्लिश गाणं शहाणं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं.

आपल्या कानांनी तुलना करायची तर ‘मौका मौका’ आठवा. २०१५ च्या क्रिकेट वर्ल्ड कपमधल्या भारत-पाकिस्तान मॅचसाठी स्टार स्पोर्ट्सने केलेली ती जाहिरात. १९९२ पासून फटाक्यांचं खोकं घेऊन बसलेला पाकिस्तानी चाहता, दर वर्ल्ड कपला हिरमुसणारा. आपण सगळे हसलो होतो, मीही. वाट बघण्याची तीच गोष्ट, तेच वर्षांमागून वर्षं मोजणं. फरक एवढाच, की इंग्लंडच्या गाण्यात माणूस स्वतःची वर्षं मोजतो, आपल्या जाहिरातीत आपण दुसऱ्याची मोजली. पहिल्यातून गाणं होतं, दुसऱ्यातून टोमणा. आणि जाहिरात म्हणून कितीही फर्मास असली, तरी त्या फटाकेवाल्याच्या जागी स्वतःला बसवून बघितलं तर ती जरा वेगळी दिसते.

गाण्यात नसलेला माणूस

इथवर मी गाण्याच्या बाजूने बोललो. आता रिकाम्या जागेबद्दल.

गाण्यात हरणं आहे, पण चुकणारा माणूस नाही. पराभवाच्या मॅचमधूनही त्याने निवडले ते सुंदर क्षण: टॅकल, गोल. १९९० ला पेनल्टी चुकलेले पिअर्स आणि वॉडल त्यात नाहीत. १९९८ च्या आवृत्तीत युरो ९६ ची सेमीफायनल आली, पण ज्याची पेनल्टी अडवली गेली त्या गॅरेथ साउथगेटचं नाव नाही. गाण्यात दुःख सगळ्या देशाचं आहे. प्रत्यक्षात असं दुःख देशभर सारखं वाटलं जात नाही. ते एका माणसाच्या अंगावर टाकलं जातं आणि बाकीचे घरी जातात.

ही जागा चुकून रिकामी राहिली असं म्हणायला मन धजत नाही, कारण गाण्याच्या दोन्ही लेखकांचा टीव्ही कार्यक्रम त्याच सुमारास एका चुकणाऱ्या माणसावर हसत होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कृष्णवर्णीय स्ट्रायकर जेसन ली संधी हुकवायचा. कार्यक्रमात त्याच्या हुकलेल्या गोलांची आणि त्याच्या केसांची आठवड्यामागून आठवडे टिंगल झाली. बॅडिएलने चेहऱ्याला काळा रंग फासून आणि डोक्यावर अननस ठेवून त्याची नक्कल केली. मैदानांत त्याच्यावर गाणी झाली. बॅडिएलने लीची प्रत्यक्ष भेटून माफी मागितली ती २०२२ मध्ये, पाव शतकानंतर. म्हणजे ज्या माणसांनी सामूहिक पराभवाबद्दल इतकं मऊ गाणं लिहिलं, त्यांनाच एकट्या माणसाच्या अपयशाबद्दल तो मऊपणा दाखवता आला नव्हता. हे मी त्यांना उघडं पाडायला लिहीत नाही. फॅन म्हणून आपण सगळे असेच असतो. ‘आपण हरलो’ हे वाक्य आपल्याला सोसतं. ‘तो चुकला’ म्हणायला मिळालं तर मात्र आपण सैल सुटतो.

११ जुलै २०२१ ला हे सगळं एकत्र आलं. युरोची फायनल, वेम्ब्ली, इंग्लंड विरुद्ध इटली. सकाळपासून रस्त्यांवर तेच गाणं. तिकीट नसलेले सुमारे दोन हजार लोक फाटकं आणि सुरक्षारक्षक तुडवत आत घुसले. नंतरच्या चौकशी अहवालात नोंद झाली, की त्या दिवशी माणसं मेली नाहीत हे नशीब. मॅच पेनल्टीवर गेली. रॅशफर्ड, सांचो आणि साका चुकले. साका एकोणीस वर्षांचा होता. तिघे कृष्णवर्णीय, आणि काही मिनिटांत तिघांच्या इन्स्टाग्रामवर वंशद्वेषाची गटारं फुटली. मैदानावर साकाला मिठीत घेऊन उभा होता तो प्रशिक्षक साउथगेट, पंचवीस वर्षांपूर्वी त्याच शहरात तीच चूक केलेला माणूस.

आणि आपल्याकडे? त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दुबईत पाकिस्तानने भारताला दहा विकेट राखून हरवलं. ‘मौका’ अखेर त्यांना मिळाला. त्या रात्री हरला होता तो अख्खा संघ. सोशल मीडियावर शिव्या पडल्या त्या मुख्यतः मोहम्मद शमीला, त्याच्या धर्मावरून. लंडन आणि दुबई यांत तीन महिन्यांचं अंतर. कोड तोच, फक्त इनपुट बदललं.

‘थ्री लायन्स’ला या सगळ्याचं कारण म्हणणं मूर्खपणाचं होईल. गाण्यामुळे वंशद्वेष तयार होत नाही. पण एखादा समाज आपला पराभव कसा लक्षात ठेवायचा हे गाण्यांतून शिकत असेल, तर या गाण्याने अर्धाच धडा शिकवला. सौंदर्य जपा हे सांगितलं. चुकलेल्याला सांभाळा हे सांगायचं राहिलं.

ते पुढे दुसऱ्या कुणी सांगितलं. २०२१ च्या स्पर्धेआधी साउथगेटने चाहत्यांना उद्देशून ‘डिअर इंग्लंड’ नावाचं खुलं पत्र लिहिलं होतं. त्याच नावाचं नाटक जेम्स ग्रॅहम यांनी लिहिलं, २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने ते रंगमंचावर आणलं आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम नव्या नाटकाचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. या नाटकाचा नायक पेनल्टी चुकलेला माणूस आहे. तो प्रशिक्षक होतो, संघात मानसशास्त्रज्ञ आणतो आणि पोरांना भीतीबद्दल बोलायला लावतो. गाण्याने ज्याला बाहेर ठेवलं त्याला नाटकाने मध्यभागी उभं केलं. कप साउथगेटला मिळाला नाहीच. २०२४ ची फायनलही बर्लिनमध्ये स्पेनकडून २-१ अशी हरून त्याने पद सोडलं. तरीही इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये त्याने केलेला बदल मला कपाहून कमी वाटत नाही.

कप घरी आला तेव्हा

एक तपशील राहिला. कप घरी आला. ३१ जुलै २०२२ ला वेम्ब्लीवर इंग्लंडच्या महिला संघाने जादा वेळेत जर्मनीला २-१ हरवून युरो जिंकली. प्रशिक्षक सरिना वीगमन यांची पत्रकार परिषद चालू असताना खेळाडू गाणं गात आत घुसल्या आणि गोलकीपर मेरी अर्प्स टेबलावर चढून नाचली. नॉबी स्टाइल्सनंतर छप्पन्न वर्षांनी इंग्लंडच्या गोटात असा नाच दिसला. २०२५ मध्ये बाझेलला स्पेनला पेनल्टीवर हरवून त्यांनी ती पुन्हा जिंकली. त्याही स्पर्धेत जेस कार्टर या बचावपटूला ऑनलाइन वंशद्वेषी शिव्या खाव्या लागल्या होत्या. कप घरी येतो, पण घरातली सगळी घाण त्याने साफ होत नाही.

या विजयांनंतर गाण्याचं काय करायचं, हा प्रश्न मला खरा वाटतो. वर्षं मोजणारं ते दुःख पुरुषांच्या संघाचं होतं. बायका जिंकल्यावरही ते मोजणं थांबलं नाही. २०२४ ला पुरुषांच्या युरोत तेच शब्द, तीच मोजणी. म्हणजे ‘घर’ या शब्दाचा अजून एक अर्थ होता, जो १९९६ मध्ये कुणाच्या लक्षात आला नव्हता: घरात कोण कोण राहतं?

२०२८ ची युरो ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहे, फायनल वेम्ब्लीला. खेळ पुन्हा एकदा पाहुणा म्हणून तिथे जाईल, घोषवाक्यातल्या मूळ, साध्या अर्थाने. गाणं वाजणारच. श्मायकेलसारखा कुणीतरी तिरकस प्रश्न विचारेल, आपल्या ग्रुपवर मीम्स पडतील, आणि रात्री साडेबाराला अलार्म लावून मीही बसेन. फक्त या वेळी कुणी पेनल्टी चुकलं, तर फोन हातात घ्यायच्या आधी मी गाण्याचं पहिलं कडवं आठवणार आहे, आणि त्यात नसलेलं एक नाव माझ्यापुरतं जोडून घेणार आहे.